अर्धी रेघ

सोमवार, ७ फेब्रुवारी २००५

मी काय खातो, किती वाजता खातो, कधी चालतो, कधी झोपतो हे सगळं लिहून ठेवायचा हुकूम झाला आहे. त्यासाठी डॉक्टरीणबाईंनी छापील तक्ता दिला. त्यातल्या जेवणाच्या चौकटीत 'भाकरी' हा शब्द मावतो, भाजीला जागा नाही. मी तक्ता परत केला आणि बायकोला, विमलला, घरून कंपनीची जुनी डायरी आणायला लावली. २००३ सालची आहे, कोरी. त्या वर्षी निवृत्त झालो, पुढे लिहिण्यासारखं काही घडलं नाही. तारखा खोडून नव्या घालतो आहे.

लिहिणार तर नीट लिहीन. मी सावळीराम फडोळ, वय साठ. आधी सातपूर, मग अंबड, मिळून एकतीस वर्षं कारखान्याच्या तपासणी खात्यात, त्यातली शेवटची अकरा मुख्य तपासनीस म्हणून. सहा वर्षांपासून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. डाव्या अंगठ्याची जखम दोन महिने भरत नाही आणि शुगर एकदा तीनशे तर एकदा सत्तर, म्हणून गंगापूर रोडच्या या दवाखान्यात आणून टाकलं आहे. मुलाला, रविराजला, कळवायचं नाही, असं विमलला बजावलं आहे. ती हो म्हणाली. तिच्या 'हो'ला काय अर्थ असतो ते मला पस्तीस वर्षं माहीत आहे.

सकाळी दहाला डॉ. शुभांगी गायधनी यंत्र घेऊन आल्या. मुंबईहून तीन दिवसांसाठी मागवलं आहे म्हणे. पोटाच्या कातडीत एक सुई खुपसली, ती काढली, आत केसाएवढी तार राहिली. तारेचं दुसरं टोक पेजरएवढ्या डबीत. डबी माझ्या कंबरेला. दर पाच मिनिटांनी ती आतली शुगर मोजणार, दिवसाला दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा.

मी विचारलं, "आत्ता किती दाखवतेय?"

"ती आकडा दाखवत नाही, काका. आत साठवते. गुरुवारी कॉम्प्युटरला जोडलं की सगळा आलेख मिळेल."

एकतीस वर्षांत काटा नसलेलं गेज मी पाहिलं नव्हतं. ते आज माझ्या पोटाला बांधलं. शिवाय या डबीवर त्यांचाही भरवसा नाही. छाया सिस्टर रोज चार वेळा बोट टोचून आकडा घेणार आणि तो डबीत भरणार, म्हणजे डबीला खरं काय ते कळेल. मी त्यांना म्हटलं, ज्या मापाला चार वेळा दुसऱ्या मापाचा आधार लागतो त्याला आम्ही भंगारात टाकायचो. माझं माप एकदाच व्हायचं. त्यावर डॉक्टरीणबाई हसल्या. वय असेल बत्तीस.

७.३० इन्सुलिन. ८.०० पोहे, फिका चहा. १०.३० अर्धं सफरचंद.

१२.४० शेजारच्या खाटेवरच्या भिका अहिरेशी भांडण. हा मालेगावचा, मागांची दुरुस्ती करतो. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आहे. त्याच्या पाहुण्यांनी द्राक्षं आणली आणि तो माझ्या तोंडासमोर एकेक मणी खात बसला. मी त्याला काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण त्याची लायकी होती. तो नुसता म्हणाला, "नाना, काय व्हयनं तुम्हले?"

१२.५० विमलने थर्मासमधला चहा दिला. तोंड बंद करायचा तिचा हा जुना उपाय. नोकरीत होतो तेव्हा सुट्टीच्या दिवशी, आणि आता रोज, घरीही माझा आवाज जरा वर गेला की ही चहा पुढे करते. घेतला.

१.१५ बोट टोचलं, ११८. जेवण: दोन ज्वारीच्या भाकऱ्या, दुधी, वरण. दुधीत मीठ नाही.

मंगळवार, ८ फेब्रुवारी

७.३० इन्सुलिन. ८.०० उपमा. ९.१५ पायाची पट्टी. जखमेला ज्या मुलाने हात लावला त्याला चिमटा धरता येत नव्हता. धरून दाखवला.

वरचा पंखा डायरीची पानं उडवतो. विमलला काल सांगितलं होतं, घरातला माझा बुश घेऊन ये, कागदावर ठेवायला. ती म्हणाली, "दुसरं कायबी आणते. वरवंटा आणते." मी म्हटलं, बुशच. आज आणला. पिशवीतून काढून खाटेवर टाकला, हातात दिला नाही.

पितळेचा आहे, अंगठ्याएवढा; यंत्राच्या दांड्यावर बसवायची पोकळ नळी. एका कडेला लाल रंग. भिकाला हात लावल्याशिवाय राहवेना. तो यंत्रातला माणूस, त्याला पितळ ओळखता येतं. विचारलं, "ह्याले लाल काब्र लायेल शे?"

लाल का लावलाय, असं विचारत होता. लाल म्हणजे नापास. त्याला सगळं सांगितलं. इथेही लिहितो, कारण आयुष्यात अभिमानाने सांगावं असं माझ्याकडे हे एकच आहे.

माझा मुलगा रविराज याने अंबडलाच एक गाळा घेऊन दोन लेथ टाकले होते. आमच्याच कंपनीला बुश पुरवायचा. मुख्य तपासनिसाचा मुलगा, म्हणून सगळे टपलेले होते, की बघू म्हातारा काय करतो. ११ ऑक्टोबर २००१, गुरुवार, दुपारी बारा चाळीस. चारशे नगांची खेप तपासायला आली. व्यास पाहिजे एकोणीस मिलीमीटर, फार तर तीन शतांश कमी. मी पाच नग उचलले. पाचही अठरा पूर्णांक अठ्ठेचाळीस. अर्धा मिलीमीटर खाल्लेला. मी अख्खी खेप नापास केली, तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर.

रविराज तिथेच उभा होता. काय म्हणाला असेल? "दादा, अर्धी रेघ बघा. आणि आधी जेवून घ्या." मला! दीडशे पोरांना मायक्रोमीटर वाचायला मी शिकवलं. आणि जेवून घ्या म्हणजे काय, मी भुकेला होतो म्हणून त्याची खेप नापास केली? मी लाल रंगाचा डबा उचलला आणि माझ्या हाताने नगांवर रंग मारला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, एक नग फक्त माझ्यासमोर मोजा म्हणून. मी सांगितलं, माझं माप एकदाच होतं.

महिनाभरात त्याचं कंपनीतलं नाव कापलं गेलं, गाळा गेला. आता चाकणला दुसऱ्याच्या लेथवर उभा असतो. माझ्या घरी येत नाही. नोव्हेंबरच्या गुणवत्ता सप्ताहात साहेबांनी मला शाल-नारळ दिला. सख्ख्या मुलालाही न सोडणारा माणूस, असं भाषणात म्हणाले. हा एक नग मी ठेवून घेतला.

भिकाने बुश खिडकीकडे धरून फिरवून पाहिला. परत ठेवला आणि पांघरूण ओढून घेतलं. अडाणी माणूस.

१२.४५ छाया सिस्टरशी वाद. तिने औषधाच्या वाटीवर खाटेचा नंबर चुकीचा लिहिला. ती म्हणते बरोबर लिहिला. मी वाटी भिरकावली.

१२.५५ विमलचा चहा. चहा संपला तेव्हा कपाच्या तळाशी काय होतं? साखर. न विरघळलेली, बोटाला लागली इतकी. माझ्या पोटात तार खुपसून लोक माझी साखर मोजत आहेत आणि माझी बायको माझ्या चहात साखर घालते आहे! मी सगळ्या वॉर्डासमोर विचारलं, मला मारायचं ठरवलं आहेस का? किती वर्षांपासून हे चाललं आहे? तिने कप उचलला, पदराने खाली सांडलेलं पुसलं. "मोठ्यानं बोलू नका," एवढंच म्हणाली. मी सांगितलं, उद्या यायचं नाही. परवाही नाही.

१.१५ टोचलं, १३१. सिस्टर म्हणाली, छान आहे. छान कसलं, साखरेचा चहा प्यायलेल्या माणसाचं आहे. डॉक्टरांना सांगायचं होतं, पण बायकोची तक्रार परक्या बाईकडे काय करणार.

बुधवार, ९ फेब्रुवारी

विमल आली नाही. शांतता. ७.३० इन्सुलिन, ८.०० दोन इडल्या. भिकाचे पाहुणे आज नाहीत, उरलेली द्राक्षं त्याच्या टेबलावर. लिहिण्यासारखं काही नाही.

११.३० अंगठ्याची पट्टी. आजचा मुलगा बरा होता.

१२.३० जेवणाला अजून पाऊण तास. डबीवर अक्षरं नाचतात. घड्याळ मागे आहे, कळवायचं.

१२.४५ सिस्टर नापास. खाट नापास. भाकरी चार नग तीन मोजले मोजले सगळे अर्धे. लाल करा. लाल कुठे ठेवला विमल. आज गुरुवार आहे हे कोण म्हणतं नाही गुरुवारच आहे पोरगा उभा आहे दारात त्याला सांगा

४.३० वरच्या ओळी माझ्या नाहीत. अक्षर माझ्यासारखं काढलं आहे, पण माझं नाही. रेघा सोडून वरखाली लिहिलं आहे. मी शाळेपासून आजवर रेघ सोडून लिहिलेलं नाही. कुणीतरी मी झोपलो असताना डायरी घेतली. संशय भिकावर आहे.

हे लोक सांगतात ते असं. पाऊण वाजता मी उठून उभा राहिलो, दाराकडे बघून ओरडलो, कंबरेची डबी ओढायला लागलो आणि घामाने भिजून खाली बसलो. भिका टाके विसरून उठला आणि माझ्या तोंडात द्राक्षं कोंबायला लागला, असं सिस्टर म्हणते. तो ओरडत होता, "बाई, पळा! नानानी साखर उतरनी!" सिस्टरने बोट टोचलं. एक्केचाळीस. ग्लुकोज लावलं. मला यातलं काहीही आठवत नाही. जे मला आठवत नाही ते झालं असं मी लिहून देणार नाही.

मात्र शर्ट बदललेला आहे, आणि गादीवर द्राक्षाची साल सापडली.

गुरुवार, १० फेब्रुवारी

तार काढली. अकरा वाजता डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. विमलला त्यांनीच फोन करून बोलावलं होतं, मला न विचारता. ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली.

कागदावर तीन रंगांच्या तीन रेघा, तीन दिवसांच्या. मी आलेख वाचत जन्म काढला, मला समजावून सांगायची गरज नव्हती. सकाळी रेघ वर, मग उतार. साडेबाराला तिन्ही रेघा तळाशी. सोमवारी पन्नासच्या आसपास. मंगळवारी तेवढंच. दोन्ही दिवशी एक वाजायच्या सुमारास रेघ झटक्यात उभी वर. बुधवारी ती वर गेलीच नाही, ग्लुकोज लावेपर्यंत आणखी खाली गेली.

"काका, तुमची डायरी देता?" त्यांनी माझी पानं आणि आलेख शेजारी ठेवले. बोट फिरवत गेल्या. सोमवार, बारा चाळीस, भांडण. मंगळवार, पाऊण, वाटी भिरकावली. "इतक्या नेमक्या वेळा मला आजवर एकाही पेशंटने दिल्या नव्हत्या," म्हणाल्या. मला बरं वाटायला हवं होतं.

मग त्यांनी विचारलं, "पण सोमवारी आणि मंगळवारी एक वाजता ही चढली कशामुळे? जेवण तर सव्वाला आलं. या चढामुळेच तर आम्हाला जेवणाआधीचे आकडे चांगले मिळत होते, आणि आम्ही इन्सुलिन कमी करत नव्हतो."

मी विमलकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत होती.

"सांग की आता," मी म्हटलं. "डॉक्टरांना सांग तू काय करतेस ते."

"दोन चमचे घालते," ती म्हणाली. "ह्यांचा आवाज चढला ना बाई, का घालते. इंजेक्शन लागलं तवापास्नं. मला काय कळतंय शुगर-बिगर. पयल्यांदा चुकून माझाच कप ह्यांना दिला, तर धा मिंटांत मानूस परत आला. मंग म्या तसंच धरलं. डोळे असे काचंवानी झाले का चहा."

"आम्हाला का नाही सांगितलंत, मावशी?"

"तुमी साखर बंद केली व्हती ना. रागावल्या असत्या. आन हे तर लयच."

मी विचारलं, परत आला म्हणजे काय? मी जातो कुठे? तिने माझी चादर सारखी केली.

डॉक्टरीणबाई तिच्यावर रागावल्या नाहीत. चहात साखर घालायचं बरोबर होतं, लपवायला नको होतं, एवढंच म्हणाल्या. सकाळचं इन्सुलिन जेवणाच्या आधीच जोर करतं. इतक्या वर्षांनी शरीर धोक्याची सूचना द्यायचं विसरतं, मेंदूला साखर कमी पडते, आणि माणसाला वाटतं आपण नेहमीपेक्षा जास्त बरोबर आहोत. मी विचारलं, अशा वेळी माणूस चुकीचं मोजू शकतो का? त्यांना वाटलं मी औषधाबद्दल बोलतोय. "अहो, औषध कसलं, साधं घड्याळही चुकीचं वाचेल."

इन्सुलिन कमी केलं. जेवणाची वेळ आता साडेबारा. अकराला खाणं. विमलला रोज यायची परवानगी त्यांनी दिली. माझी विचारली नाही.

बुश कागदांवर होता तसाच आहे. मी आज त्याला हात लावला नाही.

शुक्रवार, ११ फेब्रुवारी

कंपनीत जेवणाची सुट्टी एकला व्हायची. बारा चाळीसला तिथे चहा देणारी कुणी नव्हती.

सकाळपासून हे एकच वाक्य डोक्यात आहे, म्हणून लिहून टाकलं. आता काम करता येईल.

मायक्रोमीटर म्हणजे काय ते या डायरीत कुठे लिहिलेलं नाही. नळीवर वरच्या बाजूला मिलीमीटरच्या पूर्ण रेघा, खालच्या बाजूला अर्ध्याच्या. फिरत्या टोपीची एक फेरी म्हणजे अर्धा मिलीमीटर. टोपीखालून अर्धी रेघ बाहेर आली आहे का, हे आधी बघायचं आणि मग टोपीवरचा आकडा मिळवायचा. अर्धी रेघ बघायची राहिली तर बरोबर अर्ध्या मिलीमीटरची चूक होते. अठरा अठ्ठ्याण्णव असेल तर अठरा अठ्ठेचाळीस वाचलं जातं. ही चूक आयटीआयचा पोरगा पहिल्या आठवड्यात करतो. मी त्याबद्दल पोरांना टपली मारायचो.

विमलला सांगितलं, कपाटातली निळी पेटी आण. ती "कशाला" म्हणाली नाही. दोनला घेऊन आली.

छाया सिस्टरला म्हटलं, आधी बोट टोच. म्हणाली, आत्ताची वेळ नाही. मी म्हटलं, टोच म्हणतो ना. मंगळवारच्या वाटीमुळे ती अजून फुगलेली आहे, पण टोचलं. १३२. मी आकडा तिच्याकडून लिहून, सही करून घेतला. तिला वाटलं मी तिच्याविरुद्ध तक्रार करणार आहे.

चष्मा पुसला. बुशवर लाल रंग होता ती कड सोडली. मायक्रोमीटर शून्याला जुळवून पाहिला. मग लावला.

अर्धी रेघ बाहेर आलेली होती. स्वच्छ दिसत होती. टोपीवर अठ्ठेचाळीस.

अठरा पूर्णांक अठ्ठ्याण्णव.

फिरवून पुन्हा. अठ्ठ्याण्णव. दुसऱ्या टोकाला, अठ्ठ्याण्णव. अकरा वेळा मोजला. अकरा वेळा पास. भिका त्याच्या खाटेवरून बघत होता. मी त्याच्याकडे दिला. तो मागवाला, त्याला हे वाचता येतं हे मला ठाऊक नव्हतं. त्याने शांतपणे वाचलं. म्हणाला, "नाना, मन्हा हातले त्या दिवशीच बरोबर लागना व्हता."

मंगळवारी मी त्याला इथे अडाणी लिहिलं आहे. ते खोडत नाही, तसंच राहू दे.

सव्वातीन वर्षं हा बुश माझ्या टेबलावर होता आणि मायक्रोमीटर त्याच खोलीतल्या कपाटात. मी मोजला नाही. माझ्या हाताखालचा पोरगा तेव्हा म्हणाला होता, साहेब, मी एकदा बघू का? त्याच्यावरही ओरडलो होतो.

शनिवार, १२ फेब्रुवारी

रात्री झोप बरी लागली. सकाळी डोकं हलकं होतं. कारण सापडलं की दोष निघतो, हे मी तपासणीत शिकलो. हा दोष माझा नव्हता, इन्सुलिनचा होता. डॉक्टरीणबाईंना तसं लेखी मागितलं. त्या म्हणाल्या, आत्ताचं देते; २००१ सालचं मी कसं सांगू, तेव्हा कुणी मोजत नव्हतं. तसं असणं शक्य आहे, एवढं लिहून दिलं. मला तेवढं पुरलं.

विमलला खालच्या पीसीओवर पाठवलं. रविराजला फोन करून सांग म्हटलं, सगळं सांग, आलेखाचंही. दादांची साखर उतरली होती, माप चुकलं, बुश पास आहे. दवाखान्यात आहे तेही सांग.

ती पंधरा मिनिटांनी वर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय म्हणाला?"

"बुश पास हाय ते म्हनला मला म्हाईतच हाय."

"आणि?"

"पायाचं इचारलं."

"आणि?"

ती खाटेवर बसली. कधी बसत नाही. "म्हनला, आई, बारा चाळीसचं मी सोडलंच व्हतं. मला तवाच कळलं व्हतं, दादांचे डोळे तसे झालेत. म्हनूनच म्हनलो व्हतो, जेवून घ्या. पन दुसऱ्या दिवशी मी साडेतीनला गेलो व्हतो. मुद्दाम. त्यांचं जेवान झाल्यावर. तवा काय उतरलं व्हतं, तेवढं इचार दादांना."

मी तिच्यावर खूप ओरडलो. निरोप नीट द्यायला येत नाही, पोराला लाडावून ठेवलं, एवढं सगळं समोर ठेवूनही त्याला माझा अपमानच करायचा आहे. चाकणला दुसऱ्याची चाकरी करतो आणि ऐट बघा. तोंडात येईल ते बोललो.

विमल चहाला उठली नाही. तशीच बसून राहिली. मग तिने घड्याळाकडे पाहिलं. मीही पाहिलं. सव्वाचार वाजले होते. दीड तासापूर्वी सिस्टरने टोचलं होतं, १४६.

रविवार, १३ फेब्रुवारी

७.३० इन्सुलिन. ८.०० पोहे. ११.०० ताक, भाजलेले चणे. १२.३० जेवण. कुणाशी बोललो नाही.

सोमवार, १४ फेब्रुवारी

भिकाला आज घरी सोडलं. जाताना त्याने उरलेली द्राक्षं माझ्या टेबलावर ठेवली. "डोळा काचना व्हयनात का दोन खाई लेवा," म्हणाला. विमलने त्याला सांगितलं असणार.

काल दिवसभर १२ ऑक्टोबर २००१ ही तारीख तपासली. डायरीत लिहायचं टाळत होतो. आता लिहितो.

त्या दिवशी साडेबाराला साहेबांबरोबर एका पाहुण्यांची पंगत होती. मी जिलेबी सोडली तरी भात खाल्ला होता. साडेतीनला रविराज आला. हात पुसून आला होता, नवा शर्ट घालून. त्याने खिशातून एक बुश काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, दादा, फक्त एक. तुमच्या हाताने. खोलीत सहा माणसं होती. माझा हात थरथरत नव्हता, घाम नव्हता, डोळ्यांसमोर अक्षरं नाचत नव्हती. मला तो नीट दिसत होता. आणि मला आठवतं, मायक्रोमीटरकडे माझा हात गेला होता. पण मनात आलं, की खरंच चूक निघाली तर? सहा माणसांसमोर? हात मागे घेतला आणि म्हणालो, माझं माप एकदाच होतं.

त्या वेळी कंबरेला डबी असती तरी रेघ सरळ आली असती.

आता याला कुठलं इन्सुलिन कमी करायचं ते डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही. विचारण्यासारखं नाही.

बाराला विमलला म्हटलं, चाकांची खुर्ची आण. तिने आणली. पीसीओच्या काचेच्या खोलीत खुर्ची मावेना, म्हणून दार उघडं ठेवून बाहेरूनच बोललो. नंबर तिने लावला. कारखान्यात त्याला बोलवायला कुणीतरी गेलं. मागे लेथचा आवाज येत होता. तेवढ्या वेळात फोन ठेवून द्यावा असं दोनदा वाटलं.

"हॅलो."

"मी बोलतोय," मी म्हटलं.

मागे लेथ चालूच होता.

"बारा चाळीसचं शुगरचं होतं. ते आईने सांगितलं असेल."

"हां."

"साडेतीनचं माझं होतं. तेव्हा मला काही झालं नव्हतं. मी ठीक होतो. तू उभा होतास, मला सगळं कळत होतं. मी मोजलं नाही, कारण तू बरोबर असशील अशी मला भीती वाटली."

लेथ बंद झाला, का त्याने कुठलं दार लावलं, कळलं नाही. एकदम शांत झालं. विमल खुर्चीच्या मागे उभी होती, तिची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती. मी अजून काहीतरी बोलणार होतो. माफ कर, हा शब्द मी कधी कुणाला म्हटलेला नाही, तोंडात जुळवत होतो.

"दादा," तो म्हणाला, "किती वाजले?"

मी घड्याळ पाहिलं. "बारा पस्तीस."

"मग आधी जेवून घ्या. मग बोलू."

त्याने फोन ठेवला. रागाने ठेवला का कसा, ते मला सांगता येत नाही. विमलने विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, वर चल, ताट येईल.

१२.४० जेवण: दोन भाकऱ्या, मेथी, वरण. सगळं संपवलं.